आळस कीं आजार?

गेल्या वर्षीं आमच्या घरीं ‘आळशी’ हा शब्द फार स्वस्त झाला होता, आणि तो बहुधा माझ्या ताईच्याच वांट्यास येत असे. पहांटे सर्वांच्या आधीं उठून अभ्यासास बसणारी ताई ऊन वर आलें तरी अंथरूण सोडीनाशी झाली. आई हांका मारून थके. जेवण पूर्वीपेक्षां कमी, तरी वजन वाढतच होतें, चेहरा सुजल्यासारखा दिसे, केंस गळत, पाठ केलेलें आठवत नसे, आणि ऐन वैशाखांतहि ती अंगावर चादर ओढून घेई. आजी म्हणे, “पोरीच्या अंगांत आळस भरला आहे.” एके दिवशीं शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं ती बसल्या जागीं झोपी गेली. मुलें हंसलीं, त्यांत मीहि होतों. इतकेंच नव्हे, तर घरीं येऊन ती हकीकत मीं बाबांपुढें तिखटमीठ लावून सांगितली. त्या रात्रीं ताईला बरींच बोलणीं खावीं लागलीं.

पुढें खोकल्याचें निमित्त होऊन तिला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं नाडी पाहिली, ती मंद होती. मानेवरून बोटें फिरवून त्यांनीं रक्त तपासून घेण्यास सांगितलें. दोन दिवसांनीं उलगडा झाला : ताईच्या गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि आपलें काम पुरेसें करीत नव्हती.

कंठमण्याच्या खालीं असलेली ही ग्रंथि फुलपाखराच्या आकाराची असून तिचें वजन अवघें २० ग्रॅमच्या आसपास असतें. तिच्यांतील थायरॉक्सिन नांवाचा स्राव थेट रक्तांत मिसळतो. अशा स्रावांना १९०५ सालीं स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. आपण त्यांस संप्रेरकें म्हणतों. शरीराच्या एका भागानें दुसऱ्या भागास धाडलेले ते निरोपच होत. शरीराची भट्टी किती पेटवावी, हा थायरॉक्सिनचा निरोप. तो कमी पडला कीं हृदय, आंतडीं, बुद्धि, सारींच मंदावतात. अधिक झाला तर छाती धडधडते, हात कांपतात, आणि भरपूर खाऊनहि मनुष्य वाळतो.

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि आहे. थायरॉईड मंदावली कीं ती टीएसएच नांवाचें संप्रेरक अधिक सोडून तिला जणूं हांका मारूं लागते. आमची आई बाहेरून हांका मारीत होती, तशाच ह्या हांका ताईच्या रक्तांत चालल्या होत्या. परंतु ओ देण्याचें बळच त्या ग्रंथींत उरलें नव्हतें. शरीराचें संरक्षक दल चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतें, असा हा विकार. डॉ. हाशिमोटो या जपानी वैद्यानें १९१२ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें. आहारांत आयोडिन कमी पडल्यासहि ही ग्रंथि दुबळी होते, म्हणूनच मिठांत आयोडिन मिसळतात.

यावर उपाय आहे, ही ईश्वराची कृपा. १८९१ सालीं इंग्लंडांत डॉ. मरे यांनीं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका रुग्ण स्त्रीस टोंचला, आणि ती पुढें २८ वर्षें जगली. आज ताईला सकाळीं उपाशीपोटीं एक लहानशी गोळी पुरते. गुण एका दिवसांत आला नाहीं. रक्त पुनःपुन्हां तपासून गोळीचें प्रमाण ठरवावें लागलें. परंतु कांहीं महिन्यांनीं पहांटे तिच्या खोलींत पुन्हां दिवा दिसूं लागला.

एके सायंकाळीं मीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “अरे, तुला काय दोष द्यावा? मी आळशी झालें आहें, असें मलाहि वाटूं लागलें होतें. रोज रात्रीं मी देवाजवळ एकच मागत असें कीं, उद्यां तरी मला वेळेवर उठूं दे.” तें ऐकून माझी मान खालीं गेली.

प्रत्येक आळस हा आजार नसतो, हें खरें. आणि असलें कांहीं वाचून आपल्याच मनानें गोळ्या घेणें तर घातकच. परंतु एखादें उद्योगी मूल थोड्या महिन्यांत ओळखूं न येण्याइतकें बदललें, तर पालकांनीं रागावण्यापूर्वीं त्यास डॉक्टरांस दाखवावें, आणि आपण भावंडांनीं हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच विनंति.