मोबाईल एकाचा, वायफाय दुसऱ्याचं

बोईसर

चि. बाळ,


तुझा प्रस्ताव नीट वाचला. सगळ्यांची सिमकार्डं, घरचं फायबर आणि टीव्ही एकाच कंपनीकडे द्या, बिल एक येईल, सवलत मिळेल. आणि मेश राउटरचे तीन डबे मी मँचेस्टरहून पाठवते, असं तू लिहिलंस. तिकडे बसून पाहिलं तर हा हिशेब चोख आहे. पण आपल्या घरात मोबाईल एका कंपनीचे, वायफाय दुसरीचं, आजीच्या फोनमध्ये तिसऱ्या कंपनीचं जादा सिम आणि राउटरखाली बॅटरीची डबी, हा संसार कुणाच्या हट्टातून उभा राहिलेला नाही. बोईसरला नेट घेताना ते किती वेगाने धावतं हा प्रश्न दुसरा. ते कशाकशामुळे बंद पडतं आणि एकाच कारणाने घरातलं सगळंच बंद पडतं का, हा पहिला.

आधी थोडा इतिहास. तुमच्याकडे मोबाईल कंपनीला लहरी वापरण्याचा परवाना देशभराचा मिळतो. आपल्याकडे देशाचे २२ तुकडे पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात, आणि लहरींचा लिलाव सर्कलनिहाय होतो. १९८६ साली मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन एमटीएनएलकडे गेले. बाकीचे दूरसंचार खात्याकडे राहिले आणि २००० साली बीएसएनएलकडे आले. नव्वदच्या दशकात मोबाईलचे परवाने निघाले तेव्हा या जुन्या फोनखात्याच्या हद्दी बहुतांशी तशाच उचलल्या गेल्या. म्हणून चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटरवरचं बोईसर मुंबई सर्कलमध्ये नाही. कोड ०२५२५, सर्कल ‘महाराष्ट्र आणि गोवा’. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, पण कामासाठी रोज मुंबई गाठणारा माणूस वाटेत सर्कल बदलत होता, आणि २०१६-१७ च्या सुमारास रोमिंगचे दर उठेपर्यंत त्याचा भुर्दंडही भरत होता. आता तो भुर्दंड गेला, हद्द राहिली. ‘महाराष्ट्रात सर्वात वेगवान’ अशी जाहिरात येते तेव्हा त्या सरासरीत पुणे, नाशिक, नागपूर आणि पणजी असतात. त्यातून चिंचणीच्या कौलारू घरात किंवा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येईल की नाही, याचा पत्ता लागत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात, आणि ते पाहावेतच. मात्र नकाशा उघड्यावरची रेंज दाखवतो, मधल्या खोलीतली नाही. तिथे कुणाचं सिम चालतं ते शेजाऱ्याचा फोन मागून, रात्री नऊच्या गर्दीच्या वेळी तपासणं हाच खरा पुरावा.

आता बंद पडण्याकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला पालघर वेगळा जिल्हा झाला. विरार-डहाणू रेल्वेचं चौपदरीकरण, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेलं वाढवण बंदर ही सगळी कामं या जिल्ह्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात येऊन पडली. जिथे जेसीबी चालतो तिथे फायबर तुटतं. खोदण्याआधी केबलच्या मालकांना कळावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप काढलं. देशभर हे दुखणं किती आहे ते यावरून समजावं. लोक एक गोष्ट विसरतात. मोबाईल हवेतून चालतो तो फक्त आपल्यापासून टॉवरपर्यंत. टॉवरच्या पुढे कुठे ना कुठे तोही जमिनीतल्या फायबरवरच येतो. एका कंपनीची मुख्य केबल तुटली की तिचं घरचं वायफाय जातं आणि तिच्या टॉवरवरचं नेटही जाऊ शकतं. तू सुचवलेल्या एकत्र बिलात सवलत मिळते ती नेमकी हा धोका एका जागी आणण्याची. नियमांचा आधारही तोकडा आहे. संपूर्ण जिल्ह्यात २४ तासांहून अधिक सेवा बंद राहिली तर भरपाईची तरतूद आहे, पण बोईसरच्या दोन गल्ल्या म्हणजे जिल्हा नव्हे.

तू म्हणशील, चार तास नेट नसलं तर काय बिघडतं? दुसऱ्या गावी कदाचित काही नाही. इथे १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, आणि अशा केंद्राभोवती १६ किलोमीटरचा टापू आणीबाणीच्या नियोजनात धरलेला असतो. शेजारी रसायनांच्या कारखान्यांची वसाहत आहे. डहाणू-तलासरीकडे धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. यात घाबरवण्याचा हेतू नाही. केंद्राजवळ पिढ्या राहिल्या आहेत. पण मोबाईलवर मोठ्या आवाजात वाजणारा सरकारी इशारा, ज्याची २०२३ मध्ये देशभर चाचणी झाली, तो टॉवरवरून येतो, वायफायवरून येत नाही. म्हणजे घरात रेंज नसली तरी वायफाय कॉलिंगवर भागेल, हे अर्धंच खरं. त्याने बोलणं होतं, इशारा मिळत नाही. आणि राउटरला बॅटरी नसेल, तर लाइट गेली की राउटरबरोबर तेही गेलं.

माझ्या मांडणीवर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा, की टॉवर बहुतेकदा भाड्याचे असतात. एकाच लोखंडी सांगाड्यावर दोन-तीन कंपन्या, एकच जनरेटर. मग दोन कंपन्यांची सिमं घेऊन मिळवलं काय? हे मान्य करावंच लागतं, आणि म्हणून केवळ नावं वेगळी असून भागत नाही. घराला रेंज देणारे टॉवर वेगळ्या दिशांना आहेत का ते पाहावं. टॉवर कुठे आहेत हे दाखवणारं सरकारी तरंग संचार पोर्टल आहे. शिवाय जनरेटर एक असला तरी मागची केबल दोन कंपन्यांची वेगळी असू शकते, तेवढा फायदा उरतोच. दुसरा आक्षेप खर्चाचा. दुसरं सिम जिवंत ठेवायला रिचार्ज लागतो, आणि निवृत्तिवेतनावरच्या घरात तो टोचतो. पण ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक देणं बंधनकारक केलं. बँकेचा ओटीपी आणि अडीअडचणीचा फोन यांना तेवढं पुरतं. बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं, तेही या दुसऱ्या जागेसाठी तपासावं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ही सोय २०११ पासून आहेच, तेव्हा कुणाशी जन्माची गाठ नाही. राहता राहिलं एअरफायबर. २०२३ मध्ये आलेली ही सेवा टॉवरवरून घराच्या छतावर नेट आणते. फायबर न पोहोचलेल्या पाड्यांना ती वरदान आहे, पण मोबाईलच्याच कंपनीची घेतली तर ती दुसरी वाट होत नाही.

आता घरातलं यंत्र. दुकानदार डब्यावरचा आकडा दाखवतो, ‘एएक्स ३०००’. हा आकडा दोन पट्ट्यांच्या कागदी वेगांची ढोबळ बेरीज आहे, ५७४ अधिक २४०२. फोन सहसा एका वेळी एकाच पट्टीवर असतो, त्यामुळे ती बेरीज सहसा कुणाच्याच वाट्याला येत नाही. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर तर ती चर्चाच फोल. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, आणि दाटीच्या इमारतीत सगळे शेजारी त्याच तिघांवर बसलेले. पाच गिगाहर्ट्झ मोकळी असते, पण सिमेंट-सळईची भिंत आली की दमते. म्हणून दोन्ही पट्ट्यांचा साधा राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर. टीव्हीच्या कपाटात कोंडलेल्या महागड्या राउटरपेक्षा तो चांगला चालतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न केबलवाल्याला विचारायचा असतो, आणि तो फारसा कुणी विचारत नाही: फायबर थेट घरात येणार, की गच्चीवरच्या स्विचपर्यंत येऊन पुढे साधी लॅन केबल? थेट येणाऱ्या फायबरला कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत वाटेत वीज लागत नाही. प्रकाश वाटून देणारे स्प्लिटर विजेविना काम करतात. केंद्रात बॅटरी आणि घरी राउटरला बारा व्होल्टची छोटी यूपीएस एवढं असलं, तर पावसाळ्यात वीज गेली तरी नेट चालू राहतं. दहा-बारा वॉटचं यंत्र, चाळीसेक वॉट-तासांची बॅटरी तीनेक तास काढते. फक्त व्होल्ट आणि पिन जुळवून घ्यावी लागते. गच्चीवर स्विच असेल तर मात्र त्याचीही वीज टिकायला हवी, आणि तिथे बॅटरी ठेवायचा खर्च कोण करणार यावर सोसायटीत चर्चा रंगते. जुना तांब्याचा लँडलाइन अंधारात वाजायचा, कारण त्याला वीज टेलिफोन केंद्राकडून यायची. ते सुख फायबरने काढून घेतलं. ती छोटी डबी त्याची भरपाई करते, आणि माझ्या मते घरातल्या सगळ्या खरेदीत तीच सर्वात रास्त आहे.

तेव्हा मेशचे तीन डबे पाठवू नकोस. कंपनीचं फायबरचं यंत्र काढून त्यांची जोडणी होत नाही, ते त्याच्या मागे लावावे लागतात. म्हणजे आणखी तीन प्लग, आणि वीज गेली की तिन्ही मुके. काही द्यायचंच असेल तर वरच्या मजल्यापर्यंत भिंतीतून एक लॅन केबल ओढायची आहे, तिचे पैसे दे. वरती कंपनीचाच जुना राउटर पडून आहे, तो अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावता येईल. सवलतीचा आकडा तू कुठल्या प्लॅनवरून काढलास तेही कळव. महाराष्ट्र सर्कल निवडलं होतंस की मुंबई?

तुझा,
मामा