दुपारच्या पाळीतलं पांढरं पाणी

दुधाचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन ओढून घेतं त्याचं माप, लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम. ओढ्यात, नदीत सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा ३०. म्हणजे गटारात गेलेलं एक लिटर दूध नुसत्या पाण्याने त्या मर्यादेत आणायचं, तर तीन हजारांहून अधिक लिटर पाणी लागेल. हे गणित मला पाठ होतं. तरी दूध प्रकल्पात पर्यावरण विभाग सांभाळताना मी सगळं लक्ष ठेवलं ते ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, शेवटच्या पाइपावर.

नमुना सकाळी घेतला जायचा, कारण लॅबची गाडी सकाळी यायची. टाक्या आणि पाश्चरायझर धुण्याचं काम, आमच्या बोलीतलं सीआयपी, दुपारनंतर चालायचं. पहिल्या खळबळण्यात पाइपांत उरलेलं दूध जायचं, मागोमाग कॉस्टिक आणि नायट्रिक ॲसिड. ईटीपीचा ऑपरेटर म्हणाला होता, "मॅडम, एकदा चारनंतर या. पाणी पांढरंफेक असतं." मी त्याला नोंदवहीत लिहून ठेवायला सांगितलं. ती वही मी ऑडिटच्या आधी उघडायचे, तेही सह्या पूर्ण आहेत की नाहीत एवढं बघायला.

प्रमाणपत्र आमच्याकडे होतं. आयएसओ १४००१ किती मिलिग्रॅम चालतील ते ठरवून देत नाही. तुमच्या कामाचा कुठे काय परिणाम होतो ते तुम्हीच शोधा, उद्दिष्ट ठेवा, तपासा, सुधारा, असं ते सांगतं. त्यातलं शोधण्याचं कामच मी केलं नाही. दुसऱ्या कारखान्याची यादी घेऊन तिच्यात फेरफार केले. जनरेटरचा धूर, ऑफिसातला कागद, सगळं तिच्यात होतं. पहिलं खळबळ पाणी नव्हतं. यादीत नाही म्हणून उद्दिष्ट नाही, उद्दिष्ट नाही म्हणून कुणाची जबाबदारी नाही. वर वीजबचतीचं उद्दिष्ट मीच मांडलं होतं आणि ते गाठलं रात्री एरेशन टँकचे ब्लोअर बंद ठेवून. मैला खाणाऱ्या जिवाणूंना हवा नेमकी तेव्हाच हवी होती. तक्त्यात मात्र ती सुधारणा म्हणून चढली.

ओढ्याकाठचे शेतकरी आले, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला बुळबुळीत थर धरतो, विहिरीला वास येतो म्हणाले. मी त्यांच्यापुढे रिपोर्ट ठेवले, सगळे आकडे तिसाच्या आत. यांना नुकसानभरपाई हवी असेल, असं तेव्हा माझ्या मनात आलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलतं ते हे.

पुढे संध्याकाळ-रात्रीचे नमुने घेतले. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. निकाल आला तेव्हा आकडा मर्यादेच्या कितीतरी पुढे होता. मोठा ब्लोअर मागवावा, असंच मला आधी वाटलं. ऑपरेटरने मला प्रोसेस हॉलमध्ये नेलं. टाकी निथळायला वेळच दिला जात नव्हता. पुढची बॅच उभी असायची. निथळण्यासाठी काही मिनिटं मागितली, तर उत्पादन विभाग तयार होईना. तेव्हा हिशोब विभागातल्या एकांनी फॅट-एसएनएफचा, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचा आणि बाकीच्या घन पदार्थांचा, ताळेबंद पुढे केला. जे दूध मी पाण्यात शोधत होते, ते त्यांच्याकडे "प्रक्रिया घट" या रकान्यात दर महिन्याला रुपयांसकट लिहिलेलं होतं. तो कागद मी कधी मागितलाच नव्हता. रुपये दिसल्यावर मिनिटं मिळाली, पहिलं खळबळ पाणी वेगळ्या टाकीत घेणंही सुरू झालं. ब्लोअर पुन्हा रात्रभर चालू लागले, वीजबिल वाढलं, आणि ते का वाढलं हे मी बैठकीत सांगितलं.

मग शेतकऱ्यांकडे गेले. दाखवलेले रिपोर्ट फक्त सकाळचे होते, हे त्यांना सांगितलं. त्यांतले एक काका म्हणाले, "मग आता नमुना आमच्यासमोर घ्या, आम्ही सांगू त्या वेळेला." व्यवस्थापनाकडून मी त्याला मान्यता मिळवली.