ॲपचा रुबाब
भाचीला फराळाच्या धंद्यासाठी ॲपच हवंय. मोबाइलवर नीट दिसणारी वेबसाइट तिला कमीपणाची वाटते; आयकॉनचा रुबाब असतो ना!

मला ऑनलाइन कपडे विकणारी मिंत्रा आठवते. मे २०१५ मध्ये त्यांनी वेबसाइट बंद करून सगळा कारभार ॲपवर नेला. जून २०१६ मध्ये डेस्कटॉपची वेबसाइट परत आणावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत.

नेट नसताना चालवायचं असेल, ब्लूटूथ लागत असेल, तर ॲप बरं. पण दिवाळीपुरती चकली मागवणारं गिऱ्हाईक त्यासाठी फोनमधली जागा अडवेल? व्हॉट्सॲपवरची लिंक दाबेल, ऑर्डर देईल, मोकळं होईल. शिवाय अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हीकडची दुरुस्ती निस्तरायची कोणी? उद्या विचारते तिला. चिडेल, नक्की.