भरलेला हौद

पौषातील सकाळ. नेमगिरीच्या डोंगरावर धुके अजून रेंगाळत असते. जिंतूर गावाच्या शिवेलगत एका जुन्या घराच्या परसात काकू चुलवणाजवळ बसलेल्या असतात. प्रत्येक लाकूड त्या उजेडात धरून पाहतात, जमिनीवर हलकेच आपटतात, भेगांमधील मुंग्या हळूच बाजूला झटकतात आणि मगच ते चुलवणात सारतात. जळत्या ओंडक्यातील नागयुगुल पार्श्वकुमारांनी ओळखले, ही कथा त्यांनी लहानपणी ऐकली होती. थंडीच्या दिवसांत विंचू-किडे उबेसाठी सरपणाच्या ढिगात शिरतात, हे संसारात पडल्यावर डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून न पाहिलेले लाकूड त्यांच्या हातून विस्तवात गेलेले नाही.

चुलवणावर तांब्याचा हंडा चढतो. पाणी दुहेरी कापडातून गाळलेले असते. ते कोमट झाले की पहिल्या दोन बादल्या न्हाणीघरात जात नाहीत. सामायिक आटोपून बाहेर आलेले गुरुजी त्या उचलतात आणि गोठ्याकडे चालू लागतात. सत्तरी ओलांडलेला, शाळेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी सर्वांआधी दोन तट्टांना पाणी पाजतो, याचे गावाला आता नवल राहिलेले नाही.

चंद्री ही परभणीच्या टांग्याची घोडी. रेल्वे स्थानकापासून बाजारपेठेपर्यंत तिने किती फेऱ्या केल्या असतील, याचा हिशेब कोणाजवळ नाही. रिक्षा वाढल्या, टांगे एकेक करून बसले. चंद्रीचा मालक वारला तेव्हा घरच्यांनी ओळखीतून गुरुजींना विचारले आणि म्हातारी घोडी जिंतुरास आली. दुसरा राजा. हिवाळ्यात मेंढपाळांचे वाडे शेतांतून मुक्काम करीत जातात. बिऱ्हाड, भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरे अशा तट्टांच्याच पाठीवर असतात. दख्खनच्या मेंढपाळांनी सांभाळलेल्या या कणखर वाणाला आता भीमथडी या नावाने स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. राजाचा मागचा पाय कायमचा अधू झाला आणि त्याला तांड्याबरोबर चालवेना. मेंढपाळ त्याला गुरुजींच्या दारी बांधून गेला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, असे काकू सांगतात.

पाणी पिऊन झाले की खरारा सुरू होतो. थंडीत तट्टांच्या अंगावर दाट केस येतात. त्यांच्या आड गोचीड लपते, जखम लपते, आणि रोडावलेल्या बरगड्याही लपतात. म्हणून गुरुजी डोळ्यांवर विसंबत नाहीत. हाताने बरगड्या चाचपून पाहतात. मग एकेक टाप उचलून तळवा साफ करतात. ओली लीद टापेत राहिली तर तळवा कुजतो. शेवटी ठाणावरची लीद पाहतात. ती किती पडली, ओलसर आहे की कोरडी, हे पाहिल्याशिवाय ते अंगण सोडत नाहीत. या शेवटच्या सवयीमागे तीन वर्षांपूर्वीची एक रात्र आहे.

त्या वर्षी मार्गशीर्ष संपता संपता कडाक्याची थंडी पडली होती. घराचा नियम जुना होता. सूर्यास्तापूर्वी घरातील माणसांचे जेवण आटोपे, त्याच वेळी जनावरांपुढेही वैरण पडे, आणि मग सकाळपर्यंत सारे शांत. गुरुजींना त्यात एक शिस्त वाटे, थोडी धन्यताही. आपल्या दारातील मुके जीवसुद्धा रात्रिभोजनत्याग पाळतात, असे ते कौतुकाने म्हणत. दगडी हौद गाळलेल्या पाण्याने काठोकाठ भरलेला असे.

त्या रात्री अकराच्या सुमारास गोठ्यातून टाप आपटल्याचा आवाज आला. चंद्री पुढच्या पायाने जमीन उकरीत होती, मान वळवून पुनःपुन्हा आपल्या कुशीकडे पाहत होती. ती बसे, उठे, लोळू पाही. एवढ्या थंडीत तिच्या मानेवर घाम होता. शेजारी धावून आले. कोणी म्हणाले, बांबूच्या नळकांड्यातून एरंडेल पाजा. गुरुजींनी परभणीच्या एका पशुवैद्यास दूरध्वनी केला. त्यांनी पहिली गोष्ट बजावली ती ही, की तोंडाने काहीही ओतू नका. घोड्याला उलटी होत नाही, आणि जबरीने ओतलेले तेल फुप्फुसात उतरू शकते. पुढची वैरण काढून घ्या, लोळू देऊ नका, जमेल तसे हळूहळू फिरवा, मी निघतो.

परभणी ते जिंतूर हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. त्या अवधीत गुरुजी चंद्रीची दोरी धरून अंगणात फिरत राहिले. काकू कंदील घेऊन पुढे चालत. ओठांवर णमोकार मंत्र होता, पण मन लागत नव्हते, हे गुरुजींनी पुढे स्वतःच सांगितले.

डॉक्टरांनी वेदना शमवणारे इंजेक्शन दिले, नाकावाटे पोटात नळी घालून पाणी आणि औषधी तेल सोडले. मग हौदात हात बुडवून पाहिला आणि विचारले, “गुरुजी, ही घोडी चार दिवसांत किती पाणी प्यायली?”

गुरुजींना उत्तर देता आले नाही. हौद रोज भरला जात होता; तो रिकामा किती होतो, हे कोणी पाहिले नव्हते. एवढ्या चणीच्या तट्टाला दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर पाणी लागते. म्हाताऱ्या घोडीचे दात झिजलेले. रात्रभर उघड्यावर राहिलेले थंडगार पाणी त्यांना झोंबत असावे. ती दोन घोट घेऊन मान वळवी. वर कोरडा कडबा, तोही नीट चावला जात नसे, आणि दिवसभराची भूक एकदम भागवण्याची घाई. तो कडबा आतड्यात सुकून अडकला होता. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. घोड्याचे जठर लहान असते. तो दिवसरात्र थोडे थोडे चरणारा प्राणी आहे. डिसेंबरअखेरची रात्र तेरा तासांची. एवढा वेळ पोट रिकामे राहणे त्याला बाधते. शिवाय पोटात आंबणारी वैरण हीच थंडीतील त्याची शेकोटी असते.

पहाटे पाचच्या सुमारास चंद्रीने लीद टाकली. काकूंनी कंदील खाली ठेवला आणि हात जोडले. त्या क्षणी कोणाला हसू आले नाही.

गुरुजींनी वीस वर्षे रविवारच्या पाठशाळेत मुलांकडून अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ करून घेतले होते. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अन्नपाननिरोध म्हणजे आश्रित जिवाला अन्नपाण्यावाचून ठेवणे, असा अर्थ ते सांगत, आणि ते कृत्य क्रूर माणसाचे, असे त्यांना वाटे. हौद तर भरलेला होता. तरीही चार दिवस तहानेलेला जीव त्यांच्याच दारात उभा होता. कोणी पाणी नाकारले नव्हते. केवळ पाहिले नव्हते. आणि रात्रीच्या उपवासाचे व्रत चंद्रीने कधी घेतलेच नव्हते. व्रत घेणाऱ्याचे असते, असे त्या सकाळी गुरुजी काकूंना म्हणाले. आपण दुसऱ्यावर लादले की ते व्रत राहत नाही.

तेव्हापासून घराचा क्रम बदलला. माणसांची ताटे पूर्वीप्रमाणेच सूर्यास्तापूर्वी उचलली जातात. मात्र रात्री नऊ वाजता गुरुजी विजेरी घेऊन गोठ्यात जातात, बारीक कुट्टी केलेला कडबा थोडा भिजवून टाकतात, पुन्हा कोमट पाणी दाखवतात आणि अंगावर झूल ठीक करतात. चंद्रीच्या तोबऱ्यात भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा असतो. वाढ खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीने जनावरांना किराळ लागते, म्हणून दोघांनाही ज्वारीच्या रानात मोकळे सोडले जात नाही.

अंगणात वाघ्या आणि काळी ही दोन कुत्री आहेत. काळीला यंदा ऐन थंडीत चार पिल्ले झाली. भुशावर गोणपाट अंथरून त्यांना भिंतीच्या आडोशाला जागा केली आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहिला, त्यामुळे भाकरीचा पिष्टांश पचवण्याची शक्ती त्याच्या अंगी आली. दूध-भाकरी, वरण-भात यांवर वाघ्या तुकतुकीत आहे. त्याची साखळी मात्र गुरुजींनी त्याच हिवाळ्यात काढून ठेवली. बंध हा शब्दही त्या पाचांतच होता.

मनी मांजरीचा प्रश्न इतका सोपा नाही. ती चुलीच्या वैलाजवळ झोपते, दूध पिते आणि कडब्याच्या गंजीत उंदीर धरते. तिने पहिल्यांदा उंदीर आणून उंबऱ्यावर ठेवला, त्या दिवशी काकूंना अन्न गोड लागले नाही. तिला दूध-भाकरीवर ठेवता येईल का, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले. मांजराचे शरीर टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य पुरेसे तयार करू शकत नाही, ते मुख्यतः मांसातून मिळते आणि त्याच्या अभावी डोळे व हृदय बिघडते, असे त्यांनी सांगितले. घरात मांस येणार नाही; मांजरीला कोंडायचेही नाही. काकूंनी आपल्या हाती होते तेवढे केले. धान्याच्या कोठ्यांना घट्ट झाकणे बसवली, म्हणजे उंदरांनी घरात यावेच कशाला! चिमण्यांना दाणे अंगणाऐवजी उंच तारेवर टांगलेल्या परातीत ठेवले. उरलेली खंत त्यांनी स्वतःजवळ ठेवली आहे. मनीला त्या रागावत नाहीत.

यंदा लग्नसराईत गावातील एका सधन घरून निरोप आला. वरातीसाठी राजा हवा होता. त्याला सजवून नेतील, चांगले पैसे देतील. कडब्याचे भाव चढलेले. गुरुजींच्या निवृत्तिवेतनावर चार तोंडांचा भार. पुतण्या म्हणाला, “काका, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.” गुरुजींनी राजाच्या अधू पायावरून हात फिरवला. मग डोंगराकडे पाहत एवढेच म्हणाले, “बाळा, ज्यांच्या नावाचा हा डोंगर आहे, ते नेमिनाथ कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून भर वरातीतून माघारी फिरले होते. आपण त्यांच्या पायथ्याशी राहतो.” पुतण्याने पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या शेतातील कडब्याच्या शंभर पेंढ्या गाडीत घालून घेऊन आला.

चंद्री आता थकली आहे. कदाचित हा तिचा शेवटचा हिवाळा असेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. रात्री नऊला विजेरीचा प्रकाश गोठ्यात शिरतो, तेव्हा ती मान वर करून हुंकारते. गुरुजी बादली तिच्या तोंडाशी धरतात आणि ती पिते आहे तोवर तिच्या गळ्याकडे पाहत उभे राहतात. घोट खाली उतरताना दिसतो. मग बादलीत उरलेले पाणी किती, ते पाहून ते घराकडे वळतात.