पूल टेबल आणि काठीभर मोकळी जागा

मिशिगनच्या हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, म्हणून घराचा पाया निदान साडेतीन फूट खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच, तर आणखी थोडं खणून खोली का करू नये? इकडच्या घरांना बेसमेंट असतं ते यामुळेच. पहिली काही वर्षं तिथे भारतवारीच्या बॅगा आणि रिकामी खोकी राहतात. मग मुलं बारा-तेरा वर्षांची होतात आणि मागणी येते, "बाबा, पूल टेबल घेऊ या ना!"

दुकानात आपण टेबल मोजतो. खरं तर मोजायची असते काठी, म्हणजे क्यू. ती साधारण ५८ इंच लांब. चेंडू कडेला चिकटला तरी मागे अख्खी काठी मावली पाहिजे. म्हणून खेळायच्या पृष्ठभागाच्या लांबीत आणि रुंदीत दोन-दोन काठ्या मिळवायच्या. आठ फुटी टेबलाचा पृष्ठभाग ४४ बाय ८८ इंच. म्हणजे खोली किमान १३ फूट ४ इंच बाय १७ फूट. हात मागे घ्यायला चारी बाजूंनी सहा-सहा इंच जास्त असले तर उत्तम. सात फुटी टेबलाला (३९ बाय ७८) १२ फूट ११ इंच बाय १६ फूट २ इंच पुरतात.

आता टेप घेऊन खाली उतरा. नकाशावरचं ऐसपैस बेसमेंट प्रत्यक्षात वेगळंच असतं. मधोमध तुळईचे लोखंडी खांब, कोपऱ्यात फर्नेस, गरम पाण्याची टाकी, जिना. खांबाला हात लावू नका, वरचं घर त्याच्यावर उभं आहे! जमिनीवर चिकटपट्टीने टेबल आखा आणि ५८ इंची दांडा घेऊन भोवती फिरा. एखाद्याच जागी अडत असेल तर ४८ इंची आखूड काठी चालते. चारी बाजूंना तीच वापरावी लागली, तर मुलं खेळायचं सोडतील.

एकदा बसवलेलं टेबल सहज हलत नाही. आत शाळेतल्या पाटीचाच दगड असतो, बहुधा तीन फरश्यांचा. सगळं वजन सातशे पौंडांच्या घरात किंवा त्याहून जास्त. आणि याच खोलीत आपण गणपतीला सतरंज्या अंथरतो, नाटकाच्या तालमी करतो, आई-बाबा आले की पाहुण्यांच्या गाद्या घालतो. म्हणून टेबल घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं. वर प्लायवूड टाकून पॉटलक मांडता येतं (आमटीचं पातेलं मात्र दुसरीकडे!), पण आरतीला माणसं टेबलाभोवतीच उभी राहणार.

तरी माझं मत टेबलाच्या बाजूने आहे. सोळाव्या वर्षी इथे मुलांच्या हाती गाडी येते. त्याआधीच्या तीन-चार वर्षांत त्यांचे मित्र आपल्या घरी आले, खालून चेंडूंचा खटखटाट वर स्वयंपाकघरात ऐकू आला, तर मुलं कुठे आहेत हे विचारावं लागत नाही. गणपतीत माणसं थोडी दाटीने उभी राहतील. आपल्याला त्याची सवय आहे.