निडल शेवटी

इंजिन नीट चालेनासं झालं की बहुतेकांचा हात आधी निडलकडे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईकडे, जातो. माझा जात नाही. हे वळण मला काकांनी लावलं, आणि त्यांचं मी जे काही देणं लागतो त्यात हे सगळ्यात मोठं आहे असं मी मानतो. रेडिओवर उडणाऱ्या विमानांची फोर स्ट्रोक इंजिनं आज मी स्वतः उघडतो, जुळवतो, दुसऱ्यांचीही लावून देतो. त्यात माझ्या पदरचं असं फार थोडं आहे.

काका नात्याने माझे कुणी नव्हेत. एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ते फिटर होते. मी कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये होतो आणि तिथे एरोमॉडेलिंग हा शिकण्याचाच भाग असतो. तारेच्या टोकाशी गोल गोल फिरणारं कंट्रोल लाइनचं विमान उडवायचं आणि इंजिन अडलं की काकांकडे न्यायचं, असा आम्हा मुलांचा शिरस्ता होता. सुट्टीच्या दिवशी दारात चटई टाकून ते आमची इंजिनं बघत. पैसे कधी घेतले नाहीत. एकदा मी फारच आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "पैसे राहू देत. पुढच्या रविवारी लवकर ये आणि बाजूला बसून बघ." मी गेलो, बसलो, आणि पुढे कित्येक वर्षं बसत राहिलो.

त्यांचं स्वतःचं लाडकं इंजिन म्हणजे ओ.एस.चं एफ.एस.-70 सरपास, साडेअकरा सी.सी.च्या आसपासचं. भाच्याने दुबईहून आणून दिलेलं. शिगेओ ओगावा यांनी 1936 मध्ये ओसाकात ही कंपनी काढली आणि 1976 मध्ये तिचं एफ.एस.-60 हे फोर स्ट्रोक बाजारात आलं. सैतो या दुसऱ्या जपानी कंपनीचं एफ.ए.-30 आलं 1979 मध्ये. तोपर्यंत हौशी लोकांच्या हातात असायचं ते टू स्ट्रोक, बारीक किंचाळणारं. फोर स्ट्रोक मोठा पंखा कमी फेऱ्यांनी ओढतं आणि त्याचा आवाज जाड, भरदार येतो. पुष्कळ जण त्या आवाजासाठीच ते घेतात. काका भुलले ते आतल्या कामावर. तळहातावर उभ्या राहणाऱ्या यंत्रात कॅमशाफ्ट, दोन पुशरॉड, दोन रॉकर, दोन व्हॉल्व्ह! आयुष्यभर बसच्या इंजिनात जे हाताळलं ते सगळं इथे होतं, आणि ते करणाऱ्या जपानी कारागिरांबद्दल काका नेहमी आदराने बोलत.

ठिणगी मात्र इथे नसते. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने 1947 च्या सुमारास ग्लो प्लग बाजारात आणला, तेव्हापासून ही छोटी इंजिनं त्याच्यावर चालतात. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टचा सेल लावून लाल करायची. इंजिनाने पेट घेतला की सेल काढून टाकायचा. पुढे जळण्याची धग आणि इंधनातल्या मेथॅनॉलची प्लॅटिनमशी होणारी क्रिया मिळून ती गुंडाळी तापलेली ठेवतात. फोर स्ट्रोकमध्ये स्फोट होतो दोन फेऱ्यांतून एकदा, त्यामुळे मधल्या काळात गुंडाळीला निवायला सवड मिळते. म्हणून त्याला धग धरून ठेवणारा प्लग लागतो, ओ.एस.चा एफ टाइप त्यासाठीच केलेला आहे. टू स्ट्रोकचा हाताशी असलेला प्लग लावला तर मंद गतीवर इंजिन विझत राहतं आणि माणूस निडल फिरवत बसतो.

काकांचा क्रम ठरलेला होता. आधी प्लग. मग टाकी आणि नळ्या. मग टॅपेट. मग कार्ब्युरेटरपासून सायलेन्सरपर्यंतचे सगळे स्क्रू. एवढं सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की शेवटी निडल. ज्या दोषाचं कारण दुसरीकडे आहे तो निडलने झाकला तर इंजिन दहा मिनिटं बरं चालतं आणि नेमकं हवेत असताना दगा देतं, हे ते कळकळीने सांगत.

टॅपेट बघायची त्यांची रीत मला अजून जशीच्या तशी दिसते. वेळ सकाळची, इंजिन रात्रभर थंड पडलेलं. ॲलन कीने वरचं झाकण काढायचं. स्क्रू एका वाटीत, त्याच क्रमाने. मग पंखा हाताने सावकाश फिरवायचा, दाब लागेल तिथे पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत हे रॉकर बोटाने हलवून बघायचं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट ओ.एस.च्या पुस्तिकेत दिलेली आहे 0.04 ते 0.10 मिलिमीटर. म्हणजे 0.04 ची पट्टी आत जायला हवी आणि 0.10 ची जाता कामा नये. काका पट्टी दोन बोटांत हलकी धरत आणि आत सरकवताना श्वास रोखून धरत. लॉकनट आवळताना मधला स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. हे पुन्हा घालून बघणं त्यांनी एकदाही टाळलेलं मला आठवत नाही.

आणि हे काम थंड इंजिनावरच का, याचं कारणही त्यांनी समजावलं होतं. बसच्या बिडाच्या इंजिनात व्हॉल्व्ह तापून लांबतात, म्हणून तिथे फट ठेवावी लागते; गरमीने ती कमी होते. इथे अंग ॲल्युमिनियमचं आणि पुशरॉड पोलादाचे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे इंजिन तापलं की फट वाढते. गरम असताना फट मोजून कमी केली तर थंड झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि इंजिन सुरूच होत नाही. कार्यशाळेत वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेला हिशेब या छोट्या यंत्रासमोर काकांनी बाजूला ठेवला आणि नव्याने विचार केला. वयाच्या त्या टप्प्यावर हे किती जण करतात?

माझ्या पहिल्या रेडिओच्या विमानाचं इंजिन जमिनीवर झकास चालायचं आणि वर गेल्यावर, टाकी अर्धी झाली की, आवाज कोरडा होऊन बंद पडायचं. मैदानावर जो तो सल्ला एकच देत होता, निडल अर्धा फेरा उघड. काकांनी निडलला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी कार्ब्युरेटरकडे येणारी पारदर्शक नळी निरखली. "बघ," म्हणाले. मोहरीएवढा बुडबुडा सरकत गेला, थोड्या वेळाने दुसरा. त्यांनी टाकी उघडली. आतल्या वजनदार टोकाला जोडलेली मऊ सिलिकॉनची नळी पितळी नळीच्या काठावर जिथे वाकत होती तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. टाकी भरलेली असेपर्यंत भोक इंधनात बुडालेलं. पातळी खाली आली की तिथून हवा. नवी नळी घातली, पितळेची कड कानशीने मोडली, आणि मगच ते निडलकडे वळले.

निडलचं काम सांगायला सोपं आहे, पण घाईने करण्यासारखं नाही. थ्रॉटल पूर्ण उघडून निडल थोडं थोडं बंद करत जायचं, तशा फेऱ्या वाढत जातात. एका जागी त्या वाढायच्या थांबतात. तिथे न थांबता निडल उलटं उघडायचं, टॅकोमीटरवर दोन-तीनशे फेऱ्या कमी होईपर्यंत. हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, फेऱ्या वाढतात, मिश्रण आपोआप पातळ होतं. त्यासाठी ही शिल्लक. मग विमान मागून घट्ट धरून नाक आभाळाकडे करायचं. आठ-दहा सेकंद आवाज जरासुद्धा बसला नाही तर ठीक. काकांचा कान चांगला होता, तरी ते नुसत्या कानावर विसंबत नसत. टॅकोमीटर, धुराची रेघ आणि उतरल्यावर काढलेला प्लग, या तिघांची साक्ष कानाशी जुळली तरच त्यांचं समाधान व्हायचं. मंद गतीचा स्क्रू त्यानंतर. थ्रॉटल उघडल्यावर इंजिन गुरगुरत, धूर ओकत उठलं तर मिश्रण जाड. एकदम गप्प झालं तर पातळ.

या सगळ्या वेळात ते कुणालाही पंख्याच्या रेषेत उभं राहू देत नसत. मिश्रण पातळ झालेलं फोर स्ट्रोक वेळेआधी पेटून उलटा झटका देतं, नट सैल होतो आणि पंखा सुटून पुढे जातो. त्यासाठीच त्याला दोन नट असतात. लाकडी पंखा उन्हाळ्यात वाळून आकसतो, तेव्हा नट दर खेपेला तपासायचा. माझ्या हाताची दहाही बोटं शाबूत आहेत, ती त्यांच्या या दटावणीमुळे.

पावसाळ्यात उडवणं बंद, पण खरी निगा त्याच्या आधीची. या इंजिनांना तेलाची वेगळी टाकी नसते. इंधनातलं तेलच पिस्टनच्या रिंगेजवळून गळून खाली जातं आणि कॅम, बेअरिंग भिजवतं. तेलाबरोबर मेथॅनॉलही जातं, आणि मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाठीमागचं बॉल बेअरिंग गंजतं ते यामुळे. म्हणून दिवसाच्या शेवटी इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं जळू द्यायचं आणि ब्रीदरच्या नळीतून तेल सोडून पंखा हाताने फिरवायचा. काका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल वापरत. मग इंजिन कानाशी धरून पंखा हळूच फिरवत. बेअरिंग खरखरलं तर बदलायचं.

बेअरिंग बदलण्यात काकूंचाही वाटा असे. क्रँककेस दीडशे अंशांपर्यंत तापवलं की ॲल्युमिनियम फुगतं आणि लाकडी फळीवर उलटं आपटलं की बेअरिंग आपोआप बाहेर पडतं. ठोकाठोकी नाही, ओरखडा नाही. घरचा ओव्हन द्यायला काकूंनी नकार दिला, कारण इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास पुढे महिनाभर नानकटाईला येईल, आणि ते रास्तच होतं. मग जुन्या बाजारातून एक गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आणून गॅलरीत ठेवला. काकू स्वतः घड्याळ बघून उभ्या राहत आणि वेळ झाली की हाक मारत. नवं बेअरिंग नाना पेठेतून, जुन्यावर कोरलेला नंबर वाचून आणायचं. जुळवताना पिस्टन वरच्या टोकाला आणि कॅमच्या गिअरवरची खूण पुस्तिकेत दाखवलेल्या जागी. एक दात जरी चुकला तरी टायमिंग गेलं. पहिल्यांदा त्यांनी आपलं सरपास सुटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. मी जुळवत होतो तेवढा वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. आपल्या सगळ्यात आवडत्या वस्तूवर एका पोराला हात चालवू देणं ही केवढी गोष्ट आहे, ते आता, दुसऱ्यांची मुलं माझ्याकडे इंजिनं घेऊन येतात तेव्हा, मला कळतं.

काका-काकू आता संगमेश्वरजवळ त्यांच्या गावी राहतात. मी फोन करतो. एकदा इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला, तर म्हणाले, "फोनमधला आवाज खरा नसतो. टॅपेट कधी बघितलेस ते सांग." सांगितलं. मग प्लग विचारला, मग नळी. निडलचा विषय त्यांनी निघूच दिला नाही, आणि दोष नळीतच निघाला.

मैदानावर आता बहुतेक विमानं विजेच्या मोटारीवर उडतात, त्यामुळे कितीतरी फोर स्ट्रोक इंजिनं लोकांच्या माळ्यावर डब्यांत पडून आहेत. तुमच्याकडे असं एखादं असेल आणि त्याचा पंखा फिरत नसेल, तर कृपा करून पकड लावून जोर करू नका. वाळलेलं एरंडेल डिंकासारखं धरून ठेवतं, इंजिन मेलेलं नसतं. हेअर ड्रायरने तापवा, प्लगच्या भोकातून आणि ब्रीदरमधून पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तापवून हाताने हलकेच प्रयत्न करा. सुटलं की लगेच सुरू करू नका. आधी बेअरिंग ऐका, टाकीतली नळी बदला, प्लग बघा, थंड असतानाच टॅपेट मोजा. निडल शेवटी.