डोंगराच्या पोटातली गोष्ट

आमच्या आजीच्या गोष्टीतला राक्षस डोंगराच्या पोटात राहत असे. पावसाळ्यात कड्यावर गडगडले, की ती म्हणे, "राक्षसानं कूस बदलली." आम्ही मुले तिच्या गोधडीत शिरत असू. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळली. कोंढाळकरवाडीतली ८०हून अधिक माणसे गेली. आमची वाडी वाचली. पण आजीची ती गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात टोल्किनची 'द हॉबिट' ही १९३७ सालची कादंबरी हाती आली. वादळी रात्री बिल्बो आणि त्याचे बुटके सोबती डोंगरातल्या गुहेत आसरा घेतात. गुहेची मागची भिंत उघडते आणि आतले गॉब्लिन त्यांना ओढून नेतात. मी पुस्तक मिटले. हा राक्षस माझ्या ओळखीचा होता!

मग सरांकडून कळले, की टोल्किनलाही तो वारशाने मिळाला होता. स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांच्या 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' या १८७२ सालच्या मुलांच्या कथेचे ऋण त्याने स्वतः मान्य केले आहे. मात्र त्याने घेतले ते पारखून. मॅकडोनाल्डच्या गॉब्लिनांचे पाय मऊ. तेवढे टोल्किनला कधी पटले नाही. त्याने पाय बदलले, अंधार ठेवला. उसने आणलेले पीठ परत करताना आमच्याकडे वाटी शिगेला भरतात. साहित्यातले ऋणही असेच फेडायचे असावे.

मॅकडोनाल्डची कथाही मी मिळवून वाचली. तिच्यात गॉब्लिन खाणीत पाणी सोडण्याचा कट करतात आणि शेवटी डोंगरातून लोंढा येतो. ते पान मला एका दमात वाचवले नाही. पण त्याच कथेत मनोऱ्यात सूत कातणारी एक खापरपणजी आहे. तिने दिलेला धागा बोटाने चाचपत लहानगी आयरीन डोंगरात शिरते आणि अडकलेल्या कर्डीला बाहेर काढते. वाचता वाचता मला आमची गोधडी आठवली.

गणपतीत घरी गेले, तेव्हा धाकट्या चुलतभावाला राक्षसाची गोष्ट सांगायला घेतली. थोडी आजीची, थोडी मॅकडोनाल्डची, चुकतमाकत. आजी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मी राक्षसाला झोपवले, तशी ती न वळताच म्हणाली, "तसा नाय झोपत तो. आधी त्याला हाक मारावी लागते."

पुढची गोष्ट तिनेच सांगितली.